कित्ता कोणाचा, हात कोणाचा?

लहान मुलांच्या सणावारी गिरवणीची समीक्षा

१

आपल्याकडे समीक्षा होते ती कादंबरीची, कवितासंग्रहाची, नाटकाची. ज्या पुस्तकाची एक आवृत्ती संपायला दहा वर्षे लागतात, त्यावर पानेच्या पाने लिहिली जातात. पण चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हातात जो पहिला छापील कागद पडतो, ज्यावर त्याची पेन्सिल आयुष्यात पहिल्यांदा टेकते, त्या कागदाची समीक्षा करावी असे कोणाही समीक्षकाला वाटत नाही. तो कागद म्हणजे वाङ्मय नव्हे, असे यावर उत्तर मिळेल. हे उत्तर मान्य करण्याचे काहीही कारण नाही. ज्या कागदावर शब्दांची आणि चित्रांची निवड झालेली आहे, जिथे काही घेतले आहे आणि काही वगळले आहे, तो कागद ही एक संहिताच आहे. आणि या संहितेचा वाचक तिला उलट प्रश्न विचारू शकत नाही. त्याच्या वतीने ते प्रश्न आपण विचारले पाहिजेत.

हा कागद म्हणजे गिरवणीचे पान. ठिपक्याठिपक्यांनी अक्षर किंवा शब्द छापलेला असतो, वर त्या शब्दाचे चित्र असते, आणि मुलाने त्या ठिपक्यांवरून पेन्सिल फिरवायची असते. नाशिकला रविवार कारंजा, मेनरोड या भागांतल्या वह्या-पुस्तकांच्या दुकानांत अशा वह्या शाळा उघडण्याच्या वेळी ढिगाने मांडलेल्या दिसतात. आता तर विकत घेण्याचीही गरज राहिलेली नाही. दिवाळीची किंवा नाताळची सुट्टी लागली की शिक्षिका मोबाईलवर पाने पाठवतात आणि आईबाप कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून ती काढून आणतात. अलीकडे ही पाने सणांच्या नावाने बेतलेली असतात. गणपतीत गणपतीची, दसऱ्याला सोन्याची, दिवाळीत कंदिलाची, डिसेंबरात सांताक्लॉजची. सुट्टीत मुलाचा हात बसावा आणि त्याला सणाचीही ओळख व्हावी, असा हा दुहेरी हेतू सांगितला जातो.

हेतू वाईट आहे असे कोणी म्हणणार नाही. ही पाने पाठवणाऱ्या शिक्षिका पुष्कळदा तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बायका असतात आणि त्या आपल्या परीने मुलांचे भलेच पाहत असतात. परंतु संस्कृतीचे वर्चस्व दुष्ट हेतूने चालते असा समज करून घेणे भाबडेपणाचे आहे. ते सवयीने चालते. सवय लावण्याचे सर्वांत जुने साधन म्हणजे गिरवणे. म्हणून या पानाकडे दोन अंगांनी पाहिले पाहिजे: त्यावर काय छापले आहे, आणि छापलेल्यावरून हात फिरवणे या क्रियेने मुलाचे नेमके काय होते. पहिला प्रश्न आपल्या चळवळीला ठाऊक आहे. दुसऱ्याकडे आपण अद्याप पुरेसे पाहिलेले नाही, आणि या लेखाचे खरे म्हणणे त्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आहे.

२

प्रथम पानावरचे शब्द पाहू. गुढी, तोरण, मोदक, पणती, कंदील, लाडू, रांगोळी, किल्ला, पतंग, तिळगूळ. इंग्रजी माध्यमाच्या पानावर यांच्या जोडीला बर्फाचा माणूस आणि भेटवस्तूंनी मढवलेले झाड येते. वर मथळा असतो ‘आपले सण’. या ‘आपले’ शब्दाचा अर्थ कोणी लावत नाही. ज्या घरात १९५६ नंतर गणपती बसत नाही, ज्या घरात ईदला शिरखुर्मा होतो, ज्या आदिवासी पाड्यावर डोंगऱ्यादेवाचा उत्सव हाच वर्षातला मोठा उत्सव, त्या घरातल्या मुलांनाही हेच पान मिळते. ते मूल काही बोलत नाही. ते मुकाट्याने ठिपके जोडते. ‘आपले’ म्हणजे दुसऱ्यांचे, हा व्याकरणाच्या कोणत्याही पुस्तकात नसलेला अर्थ त्याचा हात मात्र शिकून घेतो.

पण यापुढे जाऊन आणखी एक गोष्ट पाहिली पाहिजे. या पानांवर वस्तू आहेत, त्या वस्तू करणारे हात नाहीत. पणती आहे, चाकावरचा कुंभार नाही. सूप-टोपली आहे, बांबूच्या कांबी सोलणारा बुरूड नाही. मिरवणुकीतला ढोल आहे, कातडे कमावणारा नाही. लक्ष्मीपूजनाला ज्या केरसुणीला लक्ष्मी म्हणून हळदकुंकू वाहिले जाते, ती शिंदीच्या पानांची केरसुणी पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाने बांधली. वर्षातून एक दिवस केरसुणी देव्हाऱ्याजवळ गेली, ती बांधणारा मात्र वेशीबाहेर राहिला. सणाच्या अर्थशास्त्रात आणि समाजशास्त्रात शिरण्याची एवढी मोठी वाट असताना पान तिथे एक गुळगुळीत चित्र छापून मोकळे होते. सण म्हणजे खाणे, सजवणे आणि पूजा करणे, श्रम म्हणजे काहीच नव्हे, असा त्याचा निष्कर्ष निघतो. कष्टकऱ्याच्या मुलाला आपल्या आईबापांचे हात या कागदावर कुठेही सापडत नाहीत.

हे नवे नाही. जुन्या अंकलिप्यांत ‘भ भटजीचा’, ‘य यज्ञाचा’, ‘क्ष क्षत्रियाचा’ असा पाठ असे. वर्णमाला शिकवता शिकवता वर्णव्यवस्थाही शिकवून होत असे, आणि ते कोणाला खटकत नसे. ‘म महाराचा’ असे त्यात नव्हते. असते तरी ते कोणत्या चित्रासह असते याची कल्पना करवत नाही.

३

मराठी भाषेत आरंभ करणे याला ‘श्रीगणेशा करणे’ म्हणतात आणि दुसऱ्याच्या मागे डोळे मिटून जाणे याला ‘कित्ता गिरवणे’ म्हणतात. हे दोन्ही वाक्प्रचार एकाच जागी जन्मले, ती जागा म्हणजे धूळपाटी. पंतोजीच्या शाळेत फळीवर धूळ किंवा विटकरीची भुकटी पसरत, पंतोजी अक्षर काढून देत, आणि मुलगा त्यावरून बोट वा काडी फिरवी. आरंभी ‘श्री गणेशाय नमः’ गिरवून घेण्याची रीत होती. अनुकरणाला आपल्या भाषेने गिरवण्याचे नाव द्यावे, यात भाषेचे एक प्रामाणिक निरीक्षण आहे. गिरवणे म्हणजे शिकणे असे भाषा म्हणत नाही, गिरवणे म्हणजे मागे जाणे असे ती म्हणते.

दुसरा शब्द आहे ‘ओनामा’. तो ‘ॐ नमः सिद्धम्’ या आरंभवाक्यापासून आला, आणि हे वाक्य जैनांच्या अक्षरशिक्षणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी भिक्षू इ-त्सिंग सांगतो की, मुले सहाव्या वर्षी ‘सिद्धम्’ नावाच्या अक्षरपाठाने शिक्षण सुरू करीत. म्हणजे आरंभ गणेशानेच व्हायचा असतो हा निसर्गनियम नव्हे. ‘ललितविस्तर’ या बौद्ध ग्रंथात बाल सिद्धार्थ लिपिशाळेत जातो तो प्रसंग आहे. तिथे मुले एकेक अक्षर उच्चारतात आणि प्रत्येक अक्षरातून एक विचार बाहेर पडतो. ‘अ’ वरून अनित्य, ‘आ’ वरून स्वतःचे आणि दुसऱ्याचे हित, ‘क’ वरून कर्माचा परिपाक. हा प्रसंग राजपुत्राच्या महिम्यासाठी रचला आहे, चमत्काराने भरला आहे, म्हणून तो जसाच्या तसा स्वीकारण्याची गरज नाही. पण अक्षराला देवतेऐवजी विचार जोडता येतो, एवढे तरी या देशात फार पूर्वी कोणाला तरी सुचले होते.

आणि खुद्द नाशिकमध्ये याचा पुरावा दगडात आहे. शहराजवळची त्रिरश्मी लेणी, ज्यांना पांडवलेणी म्हणायची सवय लोकांना लागली आहे, तिथल्या ब्राह्मी लेखांत राजे आणि राण्यांची दाने आहेत, त्यांचा पाठ्यपुस्तकांत गाजावाजा होतो. पण तिथेच दशपुराचा रहिवासी, विष्णुदत्ताचा मुलगा, शक वंशाचा वुधिक नावाचा लेखक, म्हणजे लिहिण्याचे काम करणारा माणूस, लेणे आणि पाण्याची टाकी दान देतो. आणखी एका लेण्यावर मुगूदास या दासकाचे परिवारासह नाव आहे. दासक म्हणजे कोळी, मासेमार, असा अर्थ अभ्यासकांनी लावला आहे. अठरा-एकोणीसशे वर्षांपूर्वी या टेकडीवर मासेमाराचे नाव छिन्नीने कोरले गेले. त्यानंतर अशी शतके आली की त्या मासेमाराच्या वंशातल्या कोणाला स्वतःचे नाव धुळीतसुद्धा काढता आले नाही. नाशिकच्या बालवाडीला अक्षरओळखीसाठी चित्र हवे असेल तर ते सात-आठ किलोमीटरांवर आहे. त्यासाठी बर्फाचा माणूस आणण्याची गरज नव्हती.

सणावारी लेखनाची आपल्याकडची खरी जुनी रीत म्हणजे दसऱ्याचे पाटीपूजन. पाटीवर ‘१’ हा आकडा दोन्ही बाजूंनी पुन्हापुन्हा मांडून सरस्वती काढायची, वर फूल आणि आपट्याचे पान ठेवायचे. महाराष्ट्रातल्या शाळांतून कित्येक पिढ्यांनी हे केले आहे आणि आजही होते. आकृती देखणी असते यात वाद नाही. पण जरा विचार करावा. मुलगा वीसदा ‘१’ लिहितो आणि एकदाही मोजत नाही. आकडा मोजण्याचे काम सोडून नक्षी होतो. आणि पूजेत ठेवलेली पाटी त्या दिवशी लिहिण्यासाठी उचलायची नसते. जे साधन वापरायचे, ते पूजनाला लावले की त्याचा वापर थांबतो. ज्या समाजाला हजारो वर्षे पाटी शिवू दिली नाही, त्या समाजाच्या मुलाने पाटी हाती आल्यावर ती देव्हाऱ्यात ठेवावी, यापेक्षा सोयीचे शिक्षण प्रस्थापितांना दुसरे कोणते हवे होते?

याच दसऱ्याला, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखो माणसांनी धम्म स्वीकारला. एकाच तिथीला दोन घरांत दोन अर्थ आहेत. पान मात्र एकच अर्थ छापते.

४

नाशिकच्या मुलाला गिरवायला येणारा एक शब्द विशेष पाहण्यासारखा आहे. ‘र रथाचा’. हा शब्द निवडण्यामागे शिक्षणशास्त्राचे कारण सांगता येते. र आणि थ, दोन अक्षरे, काना नाही, मात्रा नाही. चैत्रात रामनवमीच्या सुमाराला तो सणाच्या पानावरही येतो, कारण नाशिकचा रामरथ प्रसिद्ध आहे.

आता या रथाचा इतिहास पाहा. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या संघटनेच्या बळावर काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. पुढे रामनवमीच्या उत्सवात, ९ एप्रिल १९३० रोजी, रथ स्पृश्य आणि अस्पृश्य दोघांनी मिळून ओढावा अशी तडजोड ठरली होती. ती मोडली गेली. सत्याग्रहींचा हात दोराला लागण्यापूर्वीच रथ पळवून नेण्यात आला आणि त्यांच्यावर दगडांचा वर्षाव झाला. डॉ. आंबेडकरही त्या माऱ्यात सापडले. सत्याग्रह त्यानंतर चार-पाच वर्षे चालू राहिला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला डॉ. आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही ही घोषणा केली.

ज्या रथाच्या दोराला हात लावू पाहिला म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांची डोकी फुटली, त्या रथाच्या ठिपक्यांवरून आज त्यांच्या पणतवाचा हात फिरतो आणि ‘छान’ म्हणून त्याला तारा मिळतो. पाच वर्षांच्या मुलाला दगडफेकीची कथा सांगावी असे कोणी म्हणणार नाही. पण रथ हा शब्द निरपेक्ष आहे, तो केवळ दोन सोप्या अक्षरांचा आहे, असे निदान शिक्षकाने तरी समजू नये. सोप्या अक्षरांची उणीव नाही. ‘नळ’ हा शब्दही दोन अक्षरांचा आणि बिनकान्यामात्रेचा आहे. वस्तीतल्या प्रत्येक मुलाने नळाची रांग पाहिलेली आहे. ‘घर’ आहे, ‘मत’ आहे, ‘हक’ आहे. मराठी शिकवण्याची ‘ग म भ न’ ही आकारसाम्यावर बसवलेली मांडणी घेतली तर त्या चार अक्षरांतून पहिले शब्द मिळतात ते मन, नभ, मग, नग. त्यात एकही सण नाही, एकही देव नाही, आणि मराठी मुलांचे त्यावाचून काही अडले नाही.

५

इथपर्यंतचे म्हणणे आपल्या वाचकांना ओळखीचे वाटेल. आता दुसरा प्रश्न. समजा, पानावरचे सगळे शब्द बदलले. रथाच्या जागी नळ आला, गणपतीच्या जागी बुद्ध आला. मग गिरवणे निर्दोष झाले काय?

ठिपके जोडताना मूल काय करते ते नीट पाहावे. त्याची नजर पुढच्या ठिपक्यावर असते, अक्षरावर नसते. ‘ग’ ची गाठ कुठून सुरू होते, काना केव्हा येतो, शिरोरेघ शेवटी की आधी, हे त्याला ठरवावे लागत नाही. पुष्कळ मुले खालून वर जातात, उलटी वळतात, मधूनच सुरू करतात, आणि पान पुरे झाल्यावर ते अगदी बरोबर दिसते. कारण चूक लपवण्याची व्यवस्था ठिपक्यांतच केलेली असते. तेच अक्षर कोऱ्या पाटीवर काढ म्हटले की हात थांबतो.

अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठात कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगलहार्ट यांनी याच वयाच्या, अजून वाचता न येणाऱ्या मुलांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. काही अक्षरे मुलांनी मोकळ्या हाताने काढली, काही गिरवली, काही कळफलकावर टंकली. मग ती अक्षरे दाखवताना मेंदूचे चित्रण केले. वाचनाच्या वेळी मेंदूचे जे भाग कामाला लागतात ते हाताने स्वतः काढलेल्या अक्षरांच्या वेळी जागे झाले, गिरवलेल्या वा टंकलेल्या अक्षरांच्या वेळी तसे झाले नाहीत. मुलांची संख्या थोडी होती, लिपी रोमन होती, तेव्हा त्यावरून मोठे सिद्धांत मांडू नयेत. पण वर्गात रोज दिसणाऱ्या गोष्टीला त्यातून दुजोरा मिळतो. मोकळ्या हाताने काढलेले वेडेवाकडे अक्षर हे मुलाचे स्वतःचे अक्षर असते. गिरवलेले सुबक अक्षर छापखान्याचे असते.

यावर माँटेसरीचे उदाहरण देण्यात येईल. रोमच्या सान लोरेंझो या गरिबांच्या वस्तीत ६ जानेवारी १९०७ रोजी तिने बालगृह उघडले आणि खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून मुलांची बोटे फिरवली. हे खरे आहे. पण ते बोटाने चाचपणे होते, अक्षराचे वळण स्नायूंना कळावे यासाठी. त्यानंतर मुलांनी सुटी अक्षरे जुळवून आपल्या मनातले शब्द मांडायचे आणि मग आपले आपण लिहायचे अशी पुढची पायरी होती. तिच्या पुस्तकात तिथल्या एका मुलाचे ईस्टरच्या शुभेच्छांचे पत्र छापले आहे. सणाचेच लेखन ते, पण वाक्ये मुलाची. त्यातही एक बोच आहेच. शुभेच्छा ज्या तालामो या गृहस्थाला दिल्या आहेत, तो त्या चाळी बांधणाऱ्या संस्थेचा प्रमुख होता. वाक्य स्वतःचे असले तरी ते कोणाला उद्देशून लिहायचे हे परिस्थिती ठरवते, हा धडा आपणही घ्यावा. पण वाक्य स्वतःचे असल्याखेरीज ही चर्चादेखील सुरू होत नाही.

म्हणून गिरवणे हे हात बसवण्याचे तटस्थ तंत्र आहे हा दावा दोन्ही बाजूंनी कोसळतो. लिहिणे त्याने फारसे येत नाही. येते ते आज्ञापालन. आखून दिलेल्या रेषेबाहेर जायचे नाही, गेलास तर खोडून पुन्हा कर, न गेलास तर तारा. मनुस्मृतीने जे शस्त्राच्या धाकाने करवले, ते इथे पेन्सिलीने आणि कौतुकाने होते.

६

आता आपल्या घरातल्या गोष्टीविषयी बोलले पाहिजे. अलीकडे १४ एप्रिलच्या सुमारास आपल्याही वस्त्यांतून, बुद्धविहारांतून चालणाऱ्या संस्कारवर्गांतून गिरवणीची पाने निघू लागली आहेत. ठिपक्यांचे ‘जय भीम’, ठिपक्यांचा अशोकचक्राचा आकार, रंगवायला बुद्धाची मूर्ती, ३ जानेवारीला सावित्रीबाईंचे चित्र. यामागची भूक खरी आहे. ज्या पानावर आपण कधीच नव्हतो त्या पानावर आपण आलो पाहिजे, हे म्हणणे न्याय्य आहे. शाळेच्या ‘आपले सण’ या मथळ्याखाली धम्मचक्र प्रवर्तन दिन, ईद, नाताळ, आदिवासींचे उत्सव समान जागेने आले पाहिजेत, ही मागणी शाळांकडे केलीच पाहिजे. त्यात संकोच नको.

परंतु ही मागणी म्हणजे पानाचा मंदिरप्रवेश आहे, आणि मंदिरप्रवेशाविषयी बाबासाहेबांनी नाशिकच्याच लढ्याच्या संदर्भात जे सांगितले ते विसरता येणार नाही. ३ मार्च १९३४ रोजी दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केले की, अस्पृश्यांनी मूर्तिपूजक व्हावे किंवा मंदिरप्रवेशाने ते समान होतील, म्हणून हा सत्याग्रह सुरू केलेला नव्हता. त्यांना त्यांच्या स्थितीची जाणीव व्हावी, त्यांच्यात चेतना यावी, यासाठी तो होता. ते काम झाले, आता शक्ती राजकारणावर आणि शिक्षणावर लावावी, असा त्या पत्राचा आशय आहे. हाच निकष आपल्या गिरवणीला लावून पाहावा. ‘जय भीम’ ठिपक्यांवरून गिरवणाऱ्या मुलाच्या हाताला चेतना येते काय? की गाभारा तोच राहून आतली मूर्ती तेवढी बदलते?

काही कार्यकर्ते म्हणतील, मूल लहान आहे, आधी अस्मिता रुजू दे, विचार पुढे येईल. हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चारही बाजूंनी दुसऱ्यांच्या प्रतिमांचा मारा होत असताना आपल्या मुलाला आपली प्रतिमा दिलीच पाहिजे. गोष्ट सांगून द्या, गाणे म्हणून द्या, चित्र भिंतीवर लावून द्या. पण पहिल्या लेखनाची जागा त्यासाठी वापरू नका. कालामांना बुद्धाने सांगितले की, परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, गुरू सांगतो म्हणून काही स्वीकारू नका. ज्याने असे सांगितले त्याचेच नाव मुलाकडून ठिपक्यांवरून शंभरदा काढून घेणे, यात त्याचा आदर नाही. दुसऱ्याचा कित्ता गिरवायला नकार देणारी आपली चळवळ आहे. तिने स्वतःच कित्ता छापून वाटावा, हे तिच्या स्वभावात बसत नाही.

७

मग करायचे काय? आपला इतिहास याला उत्तर देतो.

१८५५ साली जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदया’त छापून आला. अवघी काही वर्षे शिकलेल्या या मुलीने महार-मांगांचे दुःख लिहिले आणि आमचा धर्म कोणता असा सवाल टाकला. हे कोणत्याही कित्त्यात नव्हते. जोतीरावांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले, त्यात प्राथमिक शिक्षणात मोडी आणि बालबोध वाचन-लेखनाबरोबर हिशेब, शेतीचे आणि आरोग्याचे ज्ञान मागितले. अक्षर त्यांनी जगण्यापासून तोडले नाही.

नाशिक जिल्ह्याचे वामनदादा कर्डक, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मुंबईत असताना कोणी त्यांच्यापुढे पत्र वाचायला धरले आणि ते वाचता येईना, याची त्यांना भयंकर लाज वाटली. मग एका शिक्षकाकडून अक्षरे घेऊन, दुकानांच्या पाट्या वाचत वाचत ते शिकले. पुढे त्यांनी हजारो गीते लिहिली आणि ती गावोगाव गायली गेली. वामनदादांना अक्षर हवे होते ते पत्रासाठी. गरज आधी आली, अक्षर मागून आले. ब्राझीलमध्ये १९६० च्या दशकात पाउलो फ्रेरी मजुरांना ‘वीट’ यासारख्या त्यांच्याच कामातल्या शब्दांवरून लिहायला शिकवत होते, त्याचे तत्त्व हेच.

म्हणून बालवाडीत, अंगणवाडीत, विहारातल्या वर्गात काम करणाऱ्यांनी पुढील गोष्टी करून पाहाव्यात. त्यांना पैसा लागत नाही. पहिला शब्द मुलाचे स्वतःचे नाव असावा. शिक्षकाने ते पाटीवर वरच्या ओळीत, रेषेची दिशा दाखवत, सावकाश काढावे. मुलाने त्यावरून न फिरवता त्याच्या खाली, मोकळ्या जागेत काढावे. वाकडे येईल, येऊ द्यावे. दुसरा शब्द मुलाने सांगावा. सुट्टीनंतर सणाचे पान देण्याऐवजी ‘तुझ्या घरी या दिवसांत काय झाले?’ एवढे विचारावे आणि मूल जे सांगेल त्यातला एक शब्द लिहून द्यावा. कोणी ‘करंजी’ म्हणेल, कोणी ‘दीक्षाभूमी’ म्हणेल, कोणी ‘आई कामावर’ म्हणेल. दिवाळीत ज्याचे आईबाप ऊसतोडीला गेले त्या मुलाचा शब्द ‘कोयता’ असू शकतो. ते सगळे शब्द एकाच भिंतीवर शेजारी शेजारी लावावेत. ‘आपले सण’ हा मथळा तेव्हा खरा होईल. आणि पणतीचे चित्र काढायचेच असेल तर ती कोणी केली हे विचारल्याशिवाय काढू नये.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. नोंदवहीत १९१४ या क्रमांकासमोर ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे नाव आणि त्या मुलाची सही आहे. हेच मूल वर्गात घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसत असे. २०१७ साली राज्य शासनाने ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस ठरवला आणि त्या दिवशी निबंध, वक्तृत्व यांच्या स्पर्धा घेण्यास सांगितले. गंमत अशी की, अनेक वर्षी हा दिवस दिवाळीच्या सुट्टीत किंवा तिच्या काठावर येतो. २०१८ साली तो नेमका लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आला आणि शाळा बंद होत्या. शाळेला ही अडचण वाटली असेल. आपल्याला वाटण्याचे कारण नाही. सुट्टीतला अभ्यास म्हणून या दिवशी प्रत्येक वस्तीतल्या प्रत्येक मुलाने कोऱ्या कागदावर, ठिपक्यांशिवाय, स्वतःची सही करावी. त्या एका सहीत काय भरलेले आहे हे मोठ्यांनी त्याला सांगावे.

हजारो वर्षे आपल्या हातात पाटी नव्हती. आता ती आली आहे, तेव्हा तिच्यावर कोणाच्या तरी रेषा आधीच आखलेल्या असू नयेत, त्या आपल्याच माणसांनी आखलेल्या असल्या तरीही. आपल्या मुलाला सुबक अक्षर उशिरा येईल, हरकत नाही. कोरी पाटी पाहून त्याचा हात थांबता कामा नये, याची काळजी आपण घ्यायची आहे.